दर्शनी भिंतीवरचा प्रकाश : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

इमारतींच्या दर्शनी भागावर हलती चित्रे टाकून केलेली जाहिरात आणि सजावट यांविषयी मागील अंकात आम्ही लिहिले होते. भिंत हा कोरा पडदा नव्हे, अर्धा मजकूर तिच्यावर आधीच लिहिलेला असतो, असे एक विधान त्या लेखात होते. त्यावर पुण्यातून बरीच पत्रे आली. काहींनी ते विधान उचलून धरले, काहींनी ‘हे सगळे ठीक, पण आमच्या भिंतीवर चित्र दिसेल का ते सांगा’ असे रोखठोक विचारले. निवडक प्रश्नांना येथे उत्तरे देत आहोत.

प्रश्न : लक्ष्मी रस्त्यावर आमचे साड्यांचे दुकान आहे. इमारत जुनी, तीन मजली. दर्शनी भाग साधारण १२ मीटर रुंद व ९ मीटर उंच, रंग फिकट पिवळा, वरच्या दोन मजल्यांना लाकडी कठड्याच्या गॅलऱ्या. यंदा दसरा-दिवाळीला फ्लेक्सऐवजी प्रोजेक्शन मॅपिंग, म्हणजे इमारतीच्या आकारात बरोबर बसणाऱ्या चित्रांचे प्रक्षेपण, करावे, आणि रस्त्यावरच्या लोकांना त्यात भाग घेता यावा, असा विचार आहे. २०,००० ल्यूमेनचा एक प्रोजेक्टर पुरेल, असे पुरवठादार म्हणतो. आपले मत काय?

ल्यूमेन म्हणजे प्रोजेक्टर टाकतो तो एकूण प्रकाश; त्याच्या नुसत्या आकड्यावरून काहीच ठरत नाही. तो भिंतीच्या क्षेत्रफळाने भागून पाहावा लागतो. आपली भिंत १०८ चौरस मीटरची आहे. चित्राची चौकट आणि भिंतीचा आकार क्वचितच तंतोतंत जुळतात, त्यामुळे एकतृतीयांश प्रकाश वाया जाईल असे धरू. उरलेल्या सुमारे १३,००० ल्यूमेनला १०८ ने भागले की भिंतीवर १२० लक्स, म्हणजे दर चौरस मीटरला १२० ल्यूमेन, प्रकाश मिळतो. कागदावर हा आकडा उत्तम आहे. परंतु सणाच्या दिवसांत पथदिवे, समोरच्या दुकानांचे फलक आणि आपल्याच इमारतीवरच्या माळा यांचा मिळून ४० लक्स उजेड त्या भिंतीवर आधीच पडत असेल, तर चित्रातील सर्वांत उजळ जागा १६० लक्सची आणि सर्वांत गडद जागा ४० लक्सची होईल, म्हणजे प्रमाण अवघे चारास एक राहील. प्रोजेक्टरला काळा रंग टाकता येत नाही. जिथे तो काही टाकत नाही तिथे भिंत जशी दिसते, तोच आपला काळा. आपल्या बाबतीत तो उजळलेला पिवळा असेल आणि त्यावर पैठणीचा जांभळा रंग धुवट दिसेल.

यावर पुरवठादार आणखी एक प्रोजेक्टर सुचवील. तसे केल्यास प्रमाण सातास एक होते आणि भाडे दुप्पट. त्याऐवजी खेळ चालू असेपर्यंत आपल्या माळा व नामफलक विझवून समोरच्या दोन-तीन दुकानदारांनाही तेवढ्यापुरते दिवे मंद करायला राजी केले आणि भिंतीवरचा उजेड १० लक्सपर्यंत उतरला, तर एकाच प्रोजेक्टरने तेरास एक प्रमाण मिळते. म्हणून करारावर सही करण्यापूर्वी शनिवारी रात्री आठच्या सुमारास एक साधा लक्समीटर भिंतीला टेकवून, त्याचे भिंग रस्त्याकडे करून, तळमजला, मधला मजला आणि वरचा मजला अशी तीन मापे घ्यावीत. ज्या पुरवठादाराने हे माप न घेता प्रोजेक्टर सांगितला, त्याच्याकडून दरपत्रक पुन्हा मागवावे.

दुसरा मुद्दा अंतराचा. साध्या भिंगाचे अंतर-रुंदी प्रमाण (प्रोजेक्टरचे भिंतीपासूनचे अंतर भागिले चित्राची रुंदी) १.२ असेल, तर १२ मीटर रुंद चित्रासाठी प्रोजेक्टर जवळजवळ साडेचौदा मीटर दूर हवा. तेवढी जागा आपल्या रस्त्याला मिळणे अवघड. दोन लहान प्रोजेक्टर शेजारी-शेजारी लावून प्रत्येकाकडे साडेसहा मीटर रुंदी दिली आणि मधला मीटरभर पट्टा एकमेकांत मिसळला, तर तेच अंतर आठ मीटरच्या आत येते आणि समोरच्या इमारतीच्या पहिल्या किंवा दुसऱ्या मजल्यावरून काम भागते. प्रोजेक्टर रस्त्यावर खाली ठेवू नये. गॅलऱ्या मीटरभर पुढे आलेल्या असल्या, तर खालून येणाऱ्या झोताने त्यांच्या सावल्या वर पडतात आणि प्रत्येक मजल्याच्या भिंतीचा मोठा पट्टा अंधारात जातो. झोत भिंतीच्या मध्याच्या उंचीवरून आला पाहिजे. समोरच्या घरमालकाची संमती हा आपल्या अंदाजपत्रकातील पहिला खर्च समजावा.

चित्रांविषयी थोडे. पिवळी भिंत निळा प्रकाश खाते. त्याची भरपाई संगणकावर करता येते, पण तिच्यासाठी एकूण उजेड कमी करावा लागतो. अक्षरे टाकताना देवनागरीची विशेष काळजी घ्यावी. वेलांटी किंवा मात्रा कठड्याच्या गजांवर आली की ती तुटते, आणि शिरोरेघ गॅलरीच्या कडेशी समांतर पण जराशी वरखाली पडली, तर सबंध ओळ वाकडी झाल्यासारखी दिसते. शिरोरेघ थेट कठड्याच्या वरच्या पट्टीवरच बसवली, तर मात्र इमारतच अक्षरे धरून उभी आहे असा भास होतो. गॅलरीच्या कठड्यावरून जरीचा पदर हळूहळू खाली उलगडत यावा, खिडक्यांच्या चौकटी काठ व्हाव्यात, असे काही करा. केवळ चांगल्या छायाचित्रांची मालिका दाखवायची असेल, तर फ्लेक्स स्वस्त पडेल आणि दिवसाही दिसेल.

लोकांना सहभागी करून घेण्याचा बेत मात्र लक्ष्मी रस्त्यावर, दिवाळीच्या आठवड्यात, सोडून द्यावा असे आमचे स्पष्ट मत आहे. सहभाग म्हणजे लोक थांबणार, मुले हात वर करून नाचणार, मागचे पुढच्यांना ढकलणार. आणि त्या रस्त्यावर थांबायला जागाच नसते. दीड मिनिटाचा खेळ, मध्ये दहा मिनिटांची विश्रांती, एवढे पुरे आहे.

प्रश्न : बाणेर येथील आमच्या कार्यालयाची इमारत पूर्ण काचेची आहे. तिच्यावर प्रक्षेपण होईल का?

होणार नाही. काचेवर पडलेला प्रकाश काही आत जातो, काही आरशासारखा परावर्तित होऊन भलतीकडे जातो, आणि बघणाऱ्याच्या डोळ्यांपर्यंत फारसा येत नाही. सगळ्या खिडक्यांचे पांढरे पडदे एकाच वेळी ओढून घेता आले किंवा काचेला आतून दुधी फिल्म लावली, तर चित्र उमटते. परंतु मग शेवटचा कर्मचारी घरी जाईपर्यंत थांबावे लागेल. अशा इमारतींना खिडक्यांमागचे दिवेच चांगले साधतात. बर्लिनमध्ये अलेक्झांडरप्लाट्झ येथील ‘हाउस देस लेहरर्स’ या इमारतीच्या वरच्या आठ मजल्यांवर २००१ मध्ये ‘केऑस कॉम्प्युटर क्लब’ या जर्मन संगणकप्रेमींच्या संघटनेने १४४ खिडक्यांमागे एकेक दिवा लावून १८ गुणिले ८ चौकोनांचा एक प्रचंड पडदा तयार केला होता. चौकात उभ्या असलेल्या लोकांना भ्रमणध्वनीवरून त्यावर ‘पाँग’ हा चेंडू टोलवण्याचा संगणकीय खेळ खेळता येत असे. १४४ ठिपक्यांत चित्र काय दिसणार, असे वाटेल; लोक मात्र त्यासाठी थंडीत उभे राहत.

प्रश्न : मी पुण्यात संवाद-अभिकल्पाच्या (कम्युनिकेशन डिझाइन) शेवटच्या वर्षाला शिकते. पदवी-प्रकल्पासाठी इंटरॅक्टिव्ह प्रोजेक्शन, म्हणजे बघणाऱ्यांच्या हालचालींना प्रतिसाद देणारे प्रक्षेपण, घेतले आहे. आमचे मार्गदर्शक म्हणतात की हे सगळे जाहिरात कंपन्यांचे चाळे आहेत, यात अभ्यासण्यासारखी परंपरा नाही. त्यांना काय उत्तर द्यावे? आणि सेन्सर कोणता घ्यावा?

आपल्या मार्गदर्शकांना कल्याणची आठवण करून द्यावी. चित्रपट येथे येण्यापूर्वी, १८९० च्या दशकात, कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी हाताने रंगवलेल्या काचा दिव्यापुढे सरकवून ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने हलत्या चित्रांचे खेळ केले होते. इमारतीच्या बाजूने पाहिले, तर फ्रान्समधील शांबोर येथील राजवाड्यावर १९५२ मध्ये ध्वनिप्रकाशाचा पहिला मोठा प्रयोग झाला आणि पुढे जगभर, आपल्या शनिवारवाड्यापर्यंत, त्याची अनुकरणे झाली. सपाट नसलेल्या वस्तूवर तिच्या आकारात बसणारे चित्र टाकण्याचे ठळक उदाहरण म्हणजे १९६९ मध्ये अमेरिकेतील डिस्नेलँडमध्ये उघडलेला ‘हाँटेड मॅन्शन’. तेथे निर्जीव अर्धपुतळ्यांवर गाणाऱ्या माणसांच्या चेहऱ्यांची फिल्म टाकली जाते आणि पुतळे गाताना दिसतात.

परंतु आपल्या प्रकल्पाच्या दृष्टीने खरा अभ्यास दोन कलावंतांचा करावा. क्षिश्तोफ वोदिच्को हे पोलंडमध्ये जन्मलेले कलावंत. २००१ मध्ये मेक्सिकोतील तिहुआना शहराच्या सांस्कृतिक केंद्राच्या घुमटाकार इमारतीवर त्यांनी तेथील कारखान्यांत राबणाऱ्या स्त्रियांचे चेहरे, त्या बोलत असतानाच, थेट प्रक्षेपित केले. डोक्यावर बसवलेल्या छोट्या कॅमेऱ्यासमोर त्या स्वतःवर झालेल्या अत्याचारांविषयी बोलत होत्या आणि खाली चौकात जमलेले लोक घुमटाएवढा चेहरा पाहत ते ऐकत होते. एरवी ज्या व्यक्तीकडे कोणी ढुंकून पाहत नाही, तिला इमारतीएवढे करून दाखवणे, ही कल्पना जाहिरातीच्या कोणत्याही संहितेत बसत नाही, म्हणूनच जाहिरातीच्या विद्यार्थ्याने ती पाहावी.

दुसरे राफाएल लोसानो-हेमर. त्यांची ‘बॉडी मूव्हीज’ ही कलाकृती २००१ मध्ये रॉटरडॅममधील स्खाउबुर्खप्लेन या चौकात झाली. रस्त्यांवर टिपलेली हजाराहून अधिक माणसांची छायाचित्रे एका मोठ्या भिंतीवर प्रक्षेपित केली होती. पण जमिनीलगत ठेवलेल्या अतिशय प्रखर दिव्यांच्या उजेडात ती पुसून गेली होती. कोणी दिवा आणि भिंत यांच्यामधून चालले, की त्याची सावली भिंतीवर पडे आणि त्या सावलीपुरते छायाचित्र उघडे होई. माणूस दिव्याजवळ गेला की सावली कित्येक मीटर उंच, भिंतीजवळ आला की त्याच्याएवढीच. पडद्यावरच्या सर्व माणसांवर सावल्या बरोबर बसल्या, की संगणक ते दृश्य बदलून नवी माणसे आणी. सावलीने काय करायचे हे कोणाला शिकवावे लागत नाही, हे या रचनेचे मर्म आहे. सूचनाफलक नाही, ॲप उतरवून घेणे नाही, रांग नाही. अनोळखी माणसे एकमेकांच्या सावल्यांशी आपसूक खेळू लागतात.

आता सेन्सर. दृश्य प्रकाशावर चालणारा साधा कॅमेरा वापरला, तर भिंतीवरची बदलती चित्रे माणसांच्या अंगावर पडून तो गोंधळतो. म्हणून अवरक्त किरणांचा कॅमेरा वापरतात आणि त्याच्यावर दृश्य प्रकाश अडवणारी गाळणी बसवतात. मात्र आसपास हॅलोजनचे दिवे किंवा भाजलेल्या कणसांच्या शेगड्या असतील, तर त्यांतूनही अवरक्त किरण भरपूर निघतात आणि कॅमेऱ्याला प्रत्येक शेगडी माणूस वाटू लागते. संभाजी उद्यानाबाहेर प्रयोग करायचा विचार असेल, तर हे आधी तपासावे. समोरच्या वस्तूचे अंतर मोजणारे कॅमेरे, ज्यांचा प्रसार २०१० मध्ये आलेल्या, व्हिडिओ गेमसाठीच्या ‘किनेक्ट’ या उपकरणामुळे झाला, ते चार-पाच मीटरपर्यंत चांगले चालतात. चौकासाठी ते तोकडे पडतात. मोठ्या जागेत जमिनीपासून वीतभर उंचीवर फिरता लेझर अंतरमापक ठेवून पायांची जागा टिपणे अधिक भरवशाचे.

सेन्सर कोणताही घेतला, तरी हालचाल आणि भिंतीवरचा परिणाम यांमधला वेळ सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास ठेवावा. याहून फार उशीर झाला, तर ‘हे माझ्यामुळे झाले’ ही जाणीवच होत नाही आणि लोक निघून जातात. कॅमेरा, संगणक, मीडिया सर्व्हर (प्रोजेक्टरला चित्रे पुरवणारे यंत्र) आणि प्रोजेक्टर या प्रत्येक टप्प्यावर थोडा-थोडा वेळ जातो, तेव्हा मोजमाप संपूर्ण साखळीचे करावे. विद्यार्थ्यांचे बरेच प्रकल्प कल्पनेत नव्हे, येथेच पडतात. आपल्याकडे पैसे बेताचेच असणार. तेव्हा एक प्रखर दिवा, एक प्रोजेक्टर आणि महाविद्यालयाची चुन्याने रंगवलेली एक भिंत घेऊन सावलीचाच प्रयोग करावा, असे आम्ही सुचवू.

प्रश्न : अशा खेळांत कॅमेरे असतात. कोथरूडमधील एका मॉलसमोर माझ्या नातवंडांचे चेहरे भिंतीवर झळकले आणि नंतर त्या कंपनीच्या जाहिरातीतही दिसले. हे योग्य आहे का?

योग्य नाही. खेळासाठी माणसाची बाह्याकृती पुरते. चेहरा लागत नाही आणि काही साठवूनही ठेवावे लागत नाही. चेहरा दाखवायचाच असेल, तर सहभागाची जागा वेगळी आखून, तेथे मराठीत ठळक फलक लावून, पाऊल टाकणाऱ्याला आधी कल्पना दिली पाहिजे. मुलांच्या बाबतीत पालकांची संमती हवी. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्याची भूमिकाही संमतीचीच आहे आणि १८ वर्षांखालील सर्वांना तो बालक मानतो. आपण कंपनीला लेखी पत्र देऊन ती चित्रफीत काढून टाकण्याची मागणी करावी, आणि पत्राची पोच जपून ठेवावी.

प्रश्न : आमचे मंडळ शनिवार पेठेत आहे. लेझर झोतांवर बंदी आल्यापासून कार्यकर्ते प्रोजेक्शन मॅपिंगचा देखावा करू म्हणतात. बंदी यालाही लागू होते का? शनिवारवाड्याच्या भिंतीवर करता येईल का?

२०२३ च्या मिरवणुकांनंतर डोळ्यांना इजा झाल्याच्या तक्रारी आल्या आणि २०२४ च्या गणेशोत्सवात पुणे पोलिसांनी लेझर झोतांवर बंदी घातली. प्रोजेक्टरचे काम निराळे आहे. आजचे मोठे प्रोजेक्टर आतमध्ये लेझरवर चालत असले, तरी भिंगातून बाहेर पडणारा प्रकाश पसरत जातो. लेझरचा एकवटलेला किरण त्यातून बाहेर येत नाही. तरीही जवळून थेट भिंगात पाहणे घातक असते, म्हणून प्रोजेक्टर गर्दीच्या हाताच्या आणि नजरेच्या टप्प्याहून उंच बसवावा व झोताच्या वाटेत कोणी उभे राहणार नाही अशी व्यवस्था करावी. त्या-त्या वर्षीचा पोलीस आदेश वाचून, ‘लेझर’ हा शब्द यंत्राच्या माहितीपत्रकात असेल तर खुलाशासह, परवानगी घ्यावी. हवालदाराशी मांडवात वाद घालण्यापेक्षा हे सोपे.

शनिवारवाडा केंद्राच्या पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे, तेव्हा त्या खात्याच्या परवानगीशिवाय भिंतीला हात लावण्याचाच काय, तिच्यावर कार्यक्रम करण्याचाही विचार करू नये. शिवाय ती भिंत आपल्याला वाटते तितकी अनुकूल नाही. दिल्ली दरवाजाच्या बुरुजांचा खालचा भाग काळ्या दगडाचा आणि वरचा विटांचा आहे. चुन्याची भिंत पडलेल्या प्रकाशाचा बहुतांश भाग परत देते, काळा दगड पाचव्या हिश्श्याहूनही कमी. एकाच चित्राचा वरचा अर्धा उजळ आणि खालचा बुडालेला दिसेल. मंडळासमोरच्या एखाद्या इमारतीची पांढरी आंधळी (बिनखिडक्यांची) भिंत मिळाली, तर तीच निवडावी.

देखाव्यासंबंधी एक सूचना. यंत्र उभे करण्यासाठी गच्चीवर परांची बांधणार असाल, तर ती भक्कम हवी. वीस मीटरवरून चित्र टाकताना प्रोजेक्टर अंशाच्या दहाव्या भागाने जरी कलला, तरी भिंतीवर चित्र साडेतीन सेंटीमीटर सरकते, आणि खिडकीच्या कडेवर बरोबर बसवलेली रेघ दिसेल अशी बाजूला पडते. ढोलपथक खालून गेले की हे हमखास होते. यंत्रावर पावसाचे छप्पर हवे, पण गरम हवा बाहेर जायला वाटही हवी. प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेला प्रोजेक्टर तापून बंद पडतो.

प्रश्न : प्रभात रस्त्यावरील आमच्या सोसायटीसमोरच्या इमारतीवर एका बांधकाम व्यावसायिकाने तीन रात्री जाहिरात प्रक्षेपित केली. रंगीत झोत आमच्या शयनगृहांत येत होता. त्याचे म्हणणे असे, की फलकाचा सांगाडा नाही, भिंतीवर डाग नाही, कोणाच्या अंगावर काही कोसळत नाही, तर हरकत कसली?

सांगाडा कोसळत नाही, हा मुद्दा खरा आहे आणि पुण्यात तो हलका नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये जुन्या बाजाराजवळ फलकाचा सांगाडा रस्त्यावर कोसळून चार जण गेले, आणि मे २०२४ मध्ये घाटकोपर येथे तर सतरा. त्या दृष्टीने प्रकाशाची जाहिरात निश्चितच बरी. पण डाग राहत नाही म्हणून हरकत नाही, हा युक्तिवाद मान्य करता येत नाही. १९८५ मध्ये लंडनच्या ट्रफाल्गर चौकात वर उल्लेखिलेल्या वोदिच्को यांनी दक्षिण आफ्रिकेच्या वकिलातीवर स्वस्तिक, म्हणजे नाझींचे चिन्ह, प्रक्षेपित केले. भिंतीवर काहीच उरले नाही, तरी त्या वकिलातीला ते झोंबले आणि पोलिसांनी ते बंद पाडले. तो तेथील वर्णभेदी राजवटीचा निषेध होता आणि आमची सहानुभूती कलावंताकडे आहे. पण भिंतीवर पडलेला प्रकाश त्या इमारतीच्या तोंडी शब्द घालतो, एवढे त्यावरून सिद्ध होते.

जाहिरातीचे उदाहरण सिडनीचे आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये तेथील ऑपेरा हाउसच्या शिडांसारख्या छपरांवर घोड्यांच्या शर्यतीची जाहिरात टाकण्यास राज्य सरकारने मुभा दिली, तेव्हा शेकडो नागरिक जमले आणि त्यांनी हातातल्या विजेऱ्यांचे झोत छपरांवर टाकून जाहिरात पुसट करण्याचा प्रयत्न केला. त्याच छपरांवर ‘व्हिव्हिड सिडनी’ या प्रकाशोत्सवात चित्रे पाहण्यासाठी लोक एरवी दाटी करतात. प्रकाशाला विरोध नव्हता. सार्वजनिक वास्तू भाड्याने दिल्याची चीड होती.

आपल्या बाबतीत मार्ग सरळ आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २४५ नुसार भिंतीवर किंवा इमारतीवर जाहिरात प्रदर्शित करण्यास आयुक्तांची लेखी परवानगी लागते, आणि पुण्यात हे काम महापालिकेचा आकाशचिन्ह व परवाना विभाग पाहतो. तेथे अर्ज करून या प्रक्षेपणास परवानगी होती का, असल्यास कोणत्या वेळेची आणि कोणत्या भिंतीची, हे विचारावे. अर्जासोबत झोत आपल्या खिडकीत पडत असल्याचे छायाचित्र, दिनांक व वेळेसह, जोडावे. व्यावसायिकाशी बोलणी झाली, तर दोन अटी घालाव्यात. पहिली अशी, की चित्राच्या चौकटीबाहेर सांडणारा प्रकाश संगणकावर झाकून टाकावा. हे काम तंत्रज्ञ काही मिनिटांत करतो आणि न करण्याला सबब नसते. दुसरी अट रात्री दहाला झोत बंद करण्याची. पहिली मान्य झाली तर आपल्या शयनगृहांचा प्रश्न तेथेच मिटेल, कारण समोरच्या भिंतीवरून परत येणारा उजेड पडदा ओढून अडतो. थेट आत येणारा झोत अडत नाही.